वाकसाचा गंज काढण्याआधी

जळकोट,
वैशाख

चि. बाळास,


तू पाठवलेले वाकसाचे फोटो मोठे करून नीट पाहिले. वाड्याचं माळवद उतरवताना देवळीत सापडलेलं ते सुताराचं तासणीचं हत्यार तू टाकून न देता ठाण्याला घेऊन गेलास, याचा फार आनंद झाला. पण सोबत तू लिहिलंस की शनिवारी ग्राइंडर भाड्यानं आणतो आणि दोन तासांत आरशासारखा चकचकीत करतो. ते वाचलं आणि लगेच कागद घेतला. फोनवर सांगण्यासारखं हे नाही. तुला ते समोर ठेवून काम करता यावं म्हणून लिहितो आहे. एवढं आधी ऐक: ग्राइंडर लावू नको. आणि दांड्याचा मोडका तुकडा भोकात अडकलाय, तो जाळून काढायचा विचार मनात आला असेल तर तोही सोडून दे.

कारण सांगतो. कोणत्याही धारेच्या हत्याराचा जीव त्याच्या पाण्यात असतो. लोहार पातं लाल होईपर्यंत तापवतो आणि पाण्यात बुडवतो. त्यानं पोलाद काचेइतकं कठीण होतं, पण तेवढंच ठिसूळही होतं. तसंच वापरलं तर पहिल्या गाठीवर कोपरा उडेल. म्हणून तो ते पुन्हा हलकं तापवतो आणि घासून उजळ केलेल्या जागेवर रंग कसा सरकतो ते बघत राहतो. सव्वादोनशे अंशांच्या आसपास फिकट पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळा आणि तीनशेच्या जवळ निळा. त्याला हवा तो रंग धारेपाशी पोचला की तो पुन्हा बुडवतो आणि तिथंच थांबतो. हा सगळा खेळ नजरेचा असतो. आता तू ग्राइंडरची चकती त्या पातळ धारेवर टेकवलीस तर तिथं तीनशे अंश व्हायला काही क्षण पुरतात. निळा डाग उठला की तिथलं पाणी उतरलं. तो डाग पॉलिश पेपरनं घासून दिसेनासा करता येतो, पण गेलेलं पाणी परत येत नाही. वाकस दिसायला झकास आणि कामाला मऊ, एवढंच हाती राहील.

चुलीचंही तेच. दांडा मोडला की कुऱ्हाड तशीच विस्तवात टाकायची, लाकूड जळून गेलं की नवा दांडा ठोकायचा, ही आपल्याकडची फार जुनी सवय आहे. किती चांगल्या कुऱ्हाडी त्यानं बाद झाल्या त्याची मोजदाद नाही. त्यापेक्षा भोकातल्या लाकडाला ड्रिलनं चार-सहा छिद्रं पाड, मध्यभाग कमजोर कर आणि बोथट पहारेच्या तुकड्यानं अरुंद तोंडाकडून रुंद तोंडाकडं ठोकून काढ. लाकूड कोरडं असेल तर सुटून येईल.

मग गंजाकडं वळ. फोटोत तुला भयंकर दिसतंय ते तेवढं भयंकर नाही. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो. म्हणून जाड खवला बघून वाटतं की आतलं सगळं गेलं, पण त्या खवल्याखाली पातं बहुतेक वेळा शाबूत असतं. गंजाचा खरा दोष वेगळा आहे. तांब्यावर चढलेला काळपट-हिरवा थर खालच्या तांब्याला बराचसा राखतो. लोखंडाचा गंज तसं करत नाही. तो भेगाळ असतो, ओल धरून ठेवतो आणि त्याच्या आडोशाला खालचं लोखंड गंजतच राहतं. आणि आता तर तो वाकस आमच्या कोरड्या हवेतून निघून खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात आलाय. इथं देवळीत वर्षानुवर्षं जेवढं बिघडलं नाही तेवढं तिथल्या एका पावसाळ्यात बिघडेल. म्हणून मृग लागायच्या आधी हे काम उरक.

पहिल्या दिवशी फक्त बघायचं. सुटे खवले बोथट सुरीनं हलकेच उचल. पातं दोरीला टांगून हातोडीच्या दांड्यानं वाजव. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर कुठंतरी तडा असण्याची शंका धर. तडा शोधायची एक सोपी रीत आहे. पात्यावर रॉकेल किंवा डिझेल चोळ, थोडा वेळ मुरू दे, कोरड्या फडक्यानं पूर्ण पुसून घे आणि वर खडू घास. तडा असेल तर आत शिरलेलं तेल खडूतून बाहेर येतं आणि बारीक ओली रेघ उमटते. भोकाच्या कोपऱ्यांपाशी ही तपासणी जास्त काळजीनं कर. तिथं तडा निघाला तर पुढचं काही करू नको. तो वाकस मग वापरायचा नाही, कारण घाव घालताना फुटलेला तुकडा डोळ्यात जाऊ शकतो.

तडा नसेल तर रॉकेलात किंवा डिझेलात दोन दिवस बुडवून ठेव. रेशनचं रॉकेल आता दिसतसुद्धा नाही, तेव्हा डिझेलच घे. काढल्यावर तारेच्या ब्रशनं हातानं घास. बराचसा लाल गंज इथंच जाईल. उरलेल्यासाठी आंबट पाणी. आपल्या घरी तांब्याची भांडी चिंचेनं घासतात, तेच तत्त्व इथं चालतं. चिंचेच्या कोळातही काम होतं, पण किराणा दुकानात लिंबूसत्त्व मिळतं ते घे. लिटरभर कोमट पाण्यात पन्नास ग्रॅम पुरे. प्लास्टिकच्या टबात पातं पूर्ण बुडलं पाहिजे, अर्धं बाहेर राहिलं तर पाण्याच्या रेषेवर खोल ओरखडा पडतो. दर तासाला काढून ब्रश मार आणि बघ. गंज सुटल्यावर आम्ल थांबत नाही, ते चांगलं लोखंडही खायला लागतं. म्हणून टबात टाकून दोन दिवस गावाला जायचं नाही. संडास धुवायचं ॲसिड तर घरातही आणू नको. त्याच्या वाफेनं खोलीतलं बाकीचं सगळं लोखंड गंजेल, आणि तुझ्या छातीलाही ते वाईट.

आंबट पाण्यातून काढलं की लगेच खायच्या सोड्याच्या पाण्यानं धू, मग कढत पाण्यानं. कढत अशासाठी की पातं तापतं आणि अंगचं पाणी आपसूक उडतं. पुसायला उशीर केलास तर डोळ्यांदेखत नारिंगी साय धरते. ती आली तरी घाबरायचं कारण नाही, तेलाच्या फडक्यानं निघते.

तू इंजिनिअर आहेस, तेव्हा विजेनं गंज काढायची रीत तू शोधून काढशीलच. रीत चांगली आहे, माझा विरोध नाही. धुण्याच्या सोड्याचं पाणी, बॅटरी चार्जरचं ऋण टोक वाकसाला, धन टोक भंगार लोखंडाच्या सळईला. चांगलं लोखंड यात खाल्लं जात नाही, हा तिचा मोठा गुण. पण धन टोकाला स्टेनलेस स्टीलचा चमचा किंवा ताट कधीही लावू नको. त्यातला क्रोमियम पाण्यात उतरतो आणि ते पाणी विषारी होतं. शिवाय या कामात हायड्रोजन निघतो, म्हणून बंद खोलीत नाही, गच्चीत. आणि वायर काढायच्या आधी बटण बंद.

आता खरा प्रश्न, ज्यासाठी मी मुख्यतः हे पत्र लिहितो आहे. थांबायचं कुठं?

याची दोन टोकं आहेत. नागपूरकडं टाकळघाट-खापा आणि माहुरझरी इथल्या शिळावर्तुळांमध्ये शां. भा. देव यांनी 1960-70 च्या दशकांत उत्खननं केली. तिथं लोखंडी कुऱ्हाडी निघाल्या, अडीच हजार वर्षांच्या आसपासच्या. पात्याला दांडा पक्का राहावा म्हणून आडव्या लोखंडी पट्ट्यांनी आवळायची सोय त्यांत आहे. अशी वस्तू हाती आली तर संग्रहालयातला जाणकार गंज उतरवायची घाई करत नाही, कारण कधी कधी त्या गंजातच दांड्याच्या लाकडाचा नाहीतर गुंडाळलेल्या कापडाचा ठसा उतरलेला असतो. तिथं गंज हाच पुरावा. दुसरं टोक म्हणजे बाजारात जुनी हत्यारं घासून, लॅकर मारून, भिंतीवर टांगायला विकतात ते. तिथं वस्तूचं सगळं आयुष्यच पुसलं जातं.

तुझा वाकस या दोन्हींतला नाही. ते कामाचं हत्यार आहे, आणि मला ते पुन्हा कामाचंच झालेलं पाहायचं आहे. म्हणून नियम असा धर: गंज जिथं कामाच्या आड येतो तिथून तो पूर्ण काढायचा, बाकी ठिकाणी फक्त त्याचं खाणं थांबवायचं. कामाच्या आड तो दोनच जागी येतो. एक, धारेजवळचा दोन-तीन बोटं भाग, दोन्ही अंगांनी. दोन, दांडा बसायचं भोक आतून. या दोन जागी तडजोड नाही. धारेपाशी एक खड्डा राहिला तरी प्रत्येक तासणीत लाकडावर रेघ उठेल, आणि भोकात खवला राहिला तर दांडा कधीच घट्ट बसणार नाही. बाकीचं अंग काळं राहू दे. लाल गंज गेल्यावर खाली जो काळा, घट्ट थर लागतो तो लोहाराच्या भट्टीतला असतो किंवा काळानं बसलेला, आणि तो पात्याला राखतो. त्यावर हातोड्याचे उथळ ठसे दिसतील. ते घासून सपाट करू नको. कुणाच्या तरी हातांनी एकेक घाव मोजून घातलाय तो.

खोल खड्ड्यांत उरलेल्या गंजासाठी हिरडा. मूठभर हिरडे कुटून पाण्यात उकळ, गाळ, आणि ते पाणी ब्रशनं खड्ड्यांत भर. हिरड्यातला तुरटपणा म्हणजे टॅनिन. ते गंजाशी मिळून निळसर काळा, न विरघळणारा थर करतं. पूर्वी शाई याच गुणावर करत. बाभळीच्या सालीतही टॅनिन भरपूर असतं, चामडं कमवायला ती वापरायचे. दुकानात गंजावर मारायची जी महाग बाटली मिळते तिच्यातही बहुधा टॅनिक आम्लच असतं. दोनदा लाव, वाळू दे.

यानंतर अंग स्वच्छ झालं की एक गोष्ट शोध आणि मला फोटो पाठव. धारेपासून काही अंतरावर पात्यात एक अस्पष्ट वळणदार रेघ दिसते का? जुन्या वाकसाचं सगळं अंग पोलादी नसायचं. पोलाद महाग, म्हणून अंग मऊ लोखंडाचं आणि धारेशी पोलादाची पट्टी लाल करून ठोकून सांधलेली. डोळ्यांना रेघ दिसली नाही तर कानस हलकेच फिरव. पोलादावर ती घसरते, मऊ लोखंडावर चावते. रेघेपासून धारेपर्यंत जेवढं पोलाद उरलंय तेवढंच त्या वाकसाचं आयुष्य आहे. घासून घासून रेघेपर्यंत आलास की खाली मऊ लोखंड, त्याला धार टिकत नाही.

पोलादाची ही कदर आपल्या मुलखाला नवी नाही. नांदेडच्या पलीकडं, गोदावरीच्या खालच्या अंगाला निर्मळ आणि कोनसमुद्रमच्या बाजूला मातीच्या मुशींत पोलाद बनायचं. इंग्रजांच्या काळात लॅम्बटननं चालवलेल्या जमीन मोजणीबरोबर आलेला हेन्री व्हॉयसी हा डॉक्टर आणि भूशास्त्रज्ञ तिथं जाऊन ते पाहून आला होता. त्याचं वर्णन त्याच्या मृत्यूनंतर 1832 मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापलं गेलं. पोलाद विकत घ्यायला इराणच्या इस्फहानहून व्यापारी तिथं यायचे, असं त्यानं लिहिलंय. हा वाकस ज्यांच्या हातात होता त्या तात्यांकडं ते पोलाद होतं असं मी म्हणत नाही. त्यांच्या काळापर्यंत ट्रकच्या कमानीचे मोडके पाटे हेच लोहाराचं पोलाद झालं होतं. पण मुशीतलं असो की पाट्याचं, ते जपून खर्चायचं ही रीत मात्र एकच. माळेगावच्या यात्रेत आणि बाजाराच्या गावी घिसाड्यांची पालं पडायची, तिथं बाया घण मारायच्या आणि गडी सांडशीत पातं फिरवायचा. कुऱ्हाड, पहार, खुरपं शेवटून आणायला अख्खं गाव तिथं जायचं. घासून पोलाद घालवण्यापेक्षा ठोकून पुढं काढणं हे त्यांचं ज्ञान होतं. तुझ्या वाकसाची पट्टी अगदीच संपत आलेली दिसली तर अजूनही उदगीरकडं असा लोहार सापडतो, मी नेऊन देईन.

धारेबद्दल थोडक्यात. वाकसाला धार आतल्या अंगानं, म्हणजे दांड्याकडच्या बाजूनं दिलेली असते. बाहेरचं अंग सपाट असतं, तेच लाकडावरून सरकतं. बाहेरच्या अंगाला उतार देऊ नको, नाहीतर पातं लाकडात शिरण्याऐवजी उसळेल. जो कोन आहे तोच ठेव. कुरुंदाच्या दगडावर पाणी टाकत, हातानं. आतलं अंग घासताना बाहेरच्या कडेला बारीक कोर उलटते, ती सपाट दगडावर एका हलक्या फिरवण्यात काढ. आणि पात्याचा एक कोपरा दुसऱ्यापेक्षा जास्त झिजलेला तुझ्या लक्षात आला असेल. तात्या तुळई तासताना वाकस किंचित तिरपा घालायचे, त्यानं तो झिजलाय. धार सरळ रेषेत आणण्यासाठी दुसरा कोपरा घासून कमी करू नको. उगाच बोटभर पोलाद जाईल. तिरप्या धारेनं तू महिन्याभरात सरावशील.

तुला ठाऊक नसेल, या वाकसानं आपल्या भागातल्या किती माळवदांच्या तुळया आणि खांब तासले, किती तिफणींचे दिंड घडवले. पेरणीच्या आधी ओट्यावर औतांची रांग लागायची. 1993 च्या 30 सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती आणि वरचं जड माळवद यांच्याखाली हजारो माणसं गेली. त्यानंतर आपल्या जिल्ह्यात माळवद बांधायला कुणी धजेना. पत्रा आला, स्लॅब आला. त्याच सुमारास तिफणही लोखंडी झाली. माणसं भीतीनं बदलली, त्यांत त्यांचं काही चुकलं नाही. पण वाकसाला काम उरलं नाही आणि तो देवळीत गेला. म्हणून तो तू भिंतीला टांगू नयेस असं मला फार वाटतं. मोठं काम नसेल तर पाचरी घडव, खुर्चीचा पाय तास, फांदीतून पळी काढ. हत्याराला आठवड्यातून एकदा हात लागला तर त्याला गंज धरत नाही, हे तुला कुठल्याही तेलापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

तेलाचंही सांगतो. पात्याला शिलाई मशीनचं तेल किंवा थोडं मधमाशीचं मेण. शेंगतेल-करडईचं तेल लोखंडाला लावू नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. दांड्याला मात्र जवसाचं तेल सगळ्यांत चांगलं, कारण ते लाकडात मुरून सुकतं. पण ज्या फडक्यानं जवसाचं तेल लावशील त्याचा बोळा करून कोपऱ्यात फेकू नको. हे तेल सुकताना उष्णता सोडतं, आणि बोळ्यात ती कोंडली की फडकं आपोआप पेटतं. दोरीवर मोकळं पसरून वाळव, मगच टाक. ही थट्टा समजू नको, आगी लागल्या आहेत. वाकस ठेवताना गोणपाटात किंवा चामड्यात गुंडाळू नको, दोन्ही ओल धरतात. खंडेनवमीला पूजा कर, जरूर कर, पण हळदी-कुंकवाचं ओलं बोट लावलं असेल तर दुसऱ्या दिवशी पुसून तेलाचा हात फिरव.

दांडा तू बाजारातून आणू नको. माझ्याकडं धावड्याचा एक वासा तीन उन्हाळे सावलीत वाळलेला आहे. घाव सोसायला धावड्यासारखं लाकूड आपल्याकडं नाही. ओला दांडा ठोकून किंवा बसवलेला दांडा पाण्यात भिजवून घट्ट करायची युक्ती तुला कुणीतरी सांगेल. भिजलेलं लाकूड भोकात फुगतं, जागा नाही म्हणून आतल्या आत चेंगरतं, आणि वाळलं की आधीपेक्षा सैल होतं. घाव घालताना पातं उडालं तर समोरच्याचा जीव जाईल. कोरडा दांडा, नीट तासलेला, आणि वरून कोरड्या लाकडाची पाचर, याला दुसरा पर्याय नाही.

तेव्हा भोक आतून साफ झालं की मला माप कळव. लांबी आणि रुंदी दोन्ही तोंडांशी वेगवेगळी घे, कारण ते एका बाजूला निमुळतं असतं. पट्टीनं घेऊ नको, कागदाची घट्ट गुंडाळी आत सरकवून तिच्यावर खूण कर आणि ती गुंडाळीच पाकिटातून पाठव. दांड्याची लांबी तुझ्या कोपरापासून मुठीपर्यंत मोजून लिही. डावखुरा आहेस हे मला माहीत आहे, पकड त्या हिशोबानं काढतो.

ताईला नमस्कार सांग. मामी आठवण काढते.

तुझा,
मामा